तेरा दिवसांची झोप

वामनरावांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डोक्याला कलप लावला आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. हौस म्हणाल तर नव्हती. पण दवाखान्यात, बायकोच्या बायपासनंतर चौथ्या दिवशी, नवी आलेली नर्स त्यांना म्हणाली, "बाबा, पेशंटचे मिस्टर कुठे आहेत? सही पाहिजे." ऑपरेशनपासून तोंड मिटून पडलेल्या रुख्मिणीबाई छातीवर उशी दाबून धरून हसल्या. टाके दुखत होते तरी हसल्या. म्हणाल्या, "घ्या, तुम्हाले माझा बाप करून टाकलं पोरीनं."

बायकोला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी वामनराव वाडीच्या चौकातून कलपाची पुडी घेऊन आले. केसांना लावली, उरली ती मिशांना लावली. फुकट कशाला घालवायची, हा जुना स्वभाव. सकाळी उठले तर कपाळ सुजलेलं, वरचा ओठ टम्म, आणि केसांच्या मुळाशी पाणी भरलेले बारीक फोड. डॉक्टर म्हणाले, आधी हे सगळं उतरवा, मग मलम लावू. न्हाव्यानं डोकं आणि मिशा सफाचट केल्या. बोडक्या डोक्यावर मलम थापून, वरून पांढरा दुपट्टा गुंडाळून वामनराव घरी आले. त्यांना पाहून रुख्मिणीबाई पुन्हा हसल्या. घरापुरता तो विषय तिथेच संपला.

पण शेजारच्या घरात सहा पोरं राहत होती.

वामनराव तीस वर्षं अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. ट्रकच्या हॉर्नमध्ये त्यांना गाढ झोप लागायची. आवाजाचा त्यांना मुळात तिटकारा नव्हता. मग चौकापलीकडे इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि ले-आऊटमधल्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीतल्या, निम्म्या घरांवर पोरांसाठी खोल्या चढल्या. शेजारचं घर आनंदरावांचं. ते स्वतः शहरात धरमपेठेत राहायला गेले, आणि इथे त्यांनी ही सहा पोरं ठेवली. फोन करून गाऱ्हाणं सांगितलं की ते म्हणत, "वय आहे हो त्यांचं. आपण नाही का केलं त्या वयात?" त्या वयात आपण नक्की काय केलं होतं, हे वामनरावांना कितीही डोकं खाजवून आठवत नसे.

पोरं सहा, पण बड्डे साठ. मित्राचा बड्डे, मित्राच्या मित्राचा बड्डे. बाराच्या ठोक्याला केक, मग फटाके, मग स्पीकर. स्पीकर ठेवायची जागाही ठरलेली. दोन घरांमधली भिंत, कारण प्लग तिथे होता. आणि त्या भिंतीच्या अलीकडेच रुख्मिणीबाईंचा पलंग. वामनरावांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. पोलिसांना फोन केला. गाडी आली की आवाज बसे, आणि गाडी वळणावर पोचेपर्यंत पुन्हा उठे. सह्यांचा अर्ज काढला. समोरच्या शोभाताईंनी सही केली नाही, कारण त्यांच्याही वरच्या मजल्यावर चार पोरं भाड्यानं होती. टोकाच्या घरातल्या मनोहररावांनी सही केली, पण नंतर काही झंझट नको म्हणून पत्ता चुकीचा लिहिला. शेवटी सगळ्या गल्लीनं हात टेकले. दिवसा एकमेकांना भेटले की लोक सुजलेल्या डोळ्यांनी नुसती मान हलवत.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की गोळ्या चालू राहतीलच, पण यांना रात्रीची सलग झोप मिळायलाच हवी. आणि घरी आणलेल्या पहिल्याच रात्री शेजारी कुणाचा तरी बड्डे होता. प्रत्येक फटाक्याला रुख्मिणीबाई दचकत आणि त्यांचा हात छातीकडे जाई. बायकोला एकटं सोडून भांडायला जाणंही शक्य नव्हतं. पहाटे तीनपर्यंत वामनराव पलंगाच्या काठावर बसून ती उशी तिच्या छातीवर धरून होते. दवाखान्यातून वाचून आलेली बाई आपल्याच घरात हातची जाणार, अशी भीती त्या रात्री त्यांना पहिल्यांदा वाटली. रागाची शक्ती तर कधीच संपली होती. उरली ती एवढी भीती.

म्हणून डोकं भादरून आले त्याच संध्याकाळी, शेजारी पुन्हा लायटिंगच्या माळा चढताना दिसल्या, तेव्हा ते तसेच चपला घालून फाटकाशी गेले. भिंतीवर फ्रिजएवढा नवा स्पीकर चढवला होता आणि त्यातून कुणीतरी 'हॅलो हॅलो' करत होतं. माळ बांधायला जितेंद्र होता. आर्वीकडच्या खेड्यातला, काटकुळा पोरगा. महिन्याभरापूर्वी रुख्मिणीबाईंना ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना स्ट्रेचरचं एक टोक यानंच धरलं होतं. त्यानंतर त्या त्याच्या नजरेस पडल्या नव्हत्या. घरी आल्या त्याही भर दुपारी, पोरं कॉलेजात असताना, आणि आल्यापासून मागच्या खोलीतून हलल्या नव्हत्या.

"जितेंद्र, बेटा," वामनराव म्हणाले, "आजच्या दिवस तरी…"

जितेंद्रनं आधी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. मग ओठावर, मिशीच्या रिकाम्या जागी. मग पांढऱ्या दुपट्ट्याकडे. हातातली माळ त्यानं खाली ठेवली.

"बंद कर बे ते!" तो मागे न पाहताच ओरडला. गाणं मध्येच तुटलं. "काका, आम्हाले मालूमच नव्हतं गा. कोणी सांगतलंच नाही."

"मीच सांगायले आलो ना आता," वामनराव म्हणाले. त्यांना वाटलं, तो बायपासबद्दल बोलतोय. "तिच्या जिवाले फार त्रास झाला बाबू…"

"राहू द्या काका. नका बोलू." जितेंद्रनं वाकून त्यांचे पाय धरले. मागून हर्षित आला. ज्याचा बड्डे होता तो हाच. तोही पाया पडला. दोघांनी मिळून स्पीकर भिंतीवरून उतरवला आणि आत नेला.

वामनराव चकित होऊन परतले. इतकी वर्षं जे कुणाला जमलं नाही ते दोन वाक्यांत कसं जमलं, हे काही त्यांना कळेना. रुख्मिणीबाई नऊ वाजता झोपल्या त्या सकाळपर्यंत उठल्या नाहीत. वामनराव मात्र रात्रभर टक्क जागे. आता सुरू होईल, मग सुरू होईल, अशी वाट पाहत पडून राहिले.

सकाळी जितेंद्र फाटकाशी उभा होता. हातात चार पुडांचा डबा.

"मेसवाल्या काकूनं करून दिलं," तो खाली मान घालून म्हणाला. "कडू घास आहे. नाही म्हणू नका, काका. गावालेच नेलं असन ना काकूले? पिंटूदादाची गाडी उभी होती म्हणे त्या दिवशी दुपारी."

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. सोयरे नाहीतर शेजारी बिनफोडणीचा डबा आणतात, तो कडू घास. वामनरावांनी आयुष्यात कितीतरी घरी असा डबा पोचवला होता. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बोडकं डोकं, भादरलेली मिशी, महिन्याभरापूर्वीची ॲम्ब्युलन्स, आणि बायकोला घरी घेऊन आलेली पुतण्या पिंटूची गाडी. खेड्यातली पोरं ती. त्यांनी घरी जे पाहिलं होतं तेच इथे वाचलं.

सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आत रुख्मिणीबाई अजून झोपलेल्या होत्या, सलग अकरा तास. खरं सांगितलं की हा पोरगा हसेल, सुटकेचा श्वास टाकेल, आणि आज रात्री हर्षितचा राहिलेला बड्डे होईल. वामनरावांनी तोंड मिटलं आणि दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं. डोळ्यांत पाणी खरंच होतं; मलमाचं असेल. डबा त्यांनी घेतला. आपण काही खोटं बोललो नाही, असं स्वतःला बजावत ते आत आले.

"कोणी दिलं हो हे?" उठल्यावर रुख्मिणीबाईंनी विचारलं. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हातानं घेतला होता.

"शेजारच्या पोरांनी."

"या धिंगाणेवाल्यांनी? आन् तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडता." त्यांनी वरण बोटानं चाखलं. "फोडणी नाही घातली पाहा. पथ्याचं करून आणलं बिचाऱ्यांनी." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. वामनराव नुसतं वाढत राहिले.

दुपारी शोभाताई रुख्मिणीबाईंना पाहायला आल्या. वामनरावांनी त्यांना ओट्यापाशी गाठून सगळं सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून आधी हसल्या. मग गंभीर झाल्या.

"सांगतलं का तुम्ही त्यायले?"

"संध्याकाळी सांगतो."

"काहून?" शोभाताईंनी आवाज खाली आणला. "भाऊजी, काल मी किती दिवसांनी झोपली, तुम्हाले सांगू? माझ्या वरची पोरंही गप आहेत. तेरा दिवस तं जाऊ द्या. ताईलेही आराम पडून राहिला ना?"

ती संध्याकाळ वामनरावांनी तशीच जाऊ दिली, आणि तिथेच गल्लीचा निकाल लागला. चौथ्या दिवशी मनोहरराव कोपऱ्यावर भेटले. झोप झालेल्या माणसाचा तजेला त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "तेरवीनंतरचं काही ठरवलं का?" ते म्हणाले. "नाही, आमच्याकडे सुतक वर्षभर पाळत, म्हणून विचारलं." वामनरावांना हसावं की रडावं कळेना. एक माणूस घरात बरा होतोय आणि अख्खी गल्ली त्याला मेलेलाच ठेवायला निघालीय. त्या गल्लीत आपलाच नंबर पहिला, हे कळत होतं म्हणून ते मनोहररावांवर रागावूही शकले नाहीत.

पोरं मात्र एकदम शहाण्यासारखी वागत होती. मोटारसायकली कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणत. फोनवर हळू बोलत. फाटकावरून जाताना मान खाली. एकदा भाजी घेऊन येताना वामनरावांनी ऐकलं, हर्षित कुणाला तरी दटावत होता, "हळू बे, काका एकटे असते आत." ते ऐकून वामनराव मागच्या दारानं आत शिरले.

रात्री अशी शांतता पडे, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येई. त्या शांततेत रुख्मिणीबाई गाढ झोपत, आणि वामनरावांना झोप येत नसे. दुःखाच्या घरात असते तीच ही शांतता आहे, असं सारखं मनात येई. मग ते उठत आणि बायकोच्या नाकाशी तळहात धरून पाहत. श्वास लागला की परत आडवे होत. हे रात्रीतून चार-चारदा चाले.

आठव्या दिवशी रुख्मिणीबाई भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्या. चेहऱ्यावर रंग चढला होता. "मले समोर उन्हात नेऊन बसवा ना," त्या म्हणाल्या. थंडी पडली होती आणि सकाळचं ऊन थेट दारात येत होतं.

"धूळ आहे वं फार. ट्रकचा धूर."

नवव्या दिवशी वारं होतं. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी नको म्हटलं, असं वामनराव म्हणाले. डॉक्टरांनी उलट चालायला सांगितलं होतं. समोरच्या खिडकीचे पडदे त्यांनी ओढून घेतले. रुख्मिणीबाई जरा मोठ्यानं बोलल्या की ते म्हणत, "हळू, टाके ताणतीन."

अकराव्या दिवशी संध्याकाळी जितेंद्र पुन्हा फाटकाशी आला. "काका, तेरवी इथंच करसान ना? पंगत आम्ही वाढू. तुम्ही कायचीच चिंता करू नका." मग तो म्हणाला, "काकू रागावत ना आमच्यावर, तं घरी असल्यासारखं वाटे. आता कोणी रागावत नाही."

"पाहू," एवढंच वामनरावांना म्हणता आलं.

आत आले तर रुख्मिणीबाई पलंगावर बसून होत्या. "कोण होतं?"

"कोणी नाही."

"कोणी कसं नाही? बोलणं ऐकू आलं." त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "शोभाताई येते तं मागच्या दारानं येते. तुम्ही मले खिडकीत येऊ देत नाही, बोलू देत नाही. ते पोट्टे आधी दिवसातून दहादा 'काकू, लाइट आहे का' म्हणून हाक मारत, आता तेही नाही. मेल्यावानी वाटते हो मले या घरात."

त्या काही जाणूनबुजून बोलल्या नव्हत्या. पण वामनरावांना ते नेमकं लागलं. जिला वाचवण्यासाठी हे केलं तिलाच आपण दहा-अकरा दिवस पुरून ठेवलं होतं. झोप मिळाली, पण कुणाला? आपल्याला स्वतःचीच लाज वाटतेय, हे त्यांनी मनाशी कबूल केलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, पोरं कॉलेजला निघायच्या वेळेस, त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दारासमोर नेऊन ठेवली. रुख्मिणीबाईंना धरून आणलं, खुर्चीत बसवलं, अंगावर शाल टाकली. समोरच्या गॅलरीतून शोभाताई दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होत्या. दुधाची पिशवी घेऊन येणारे मनोहरराव हे दृश्य पाहून आल्या पावली मागे फिरले. रुख्मिणीबाईंनी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले. "बरं वाटते हो," त्या म्हणाल्या.

जितेंद्र मोटारसायकल ढकलत फाटकाबाहेर आला आणि थांबला. गाडी स्टँडला लावायची शुद्ध त्याला राहिली नाही. ती त्यानं तशीच भिंतीला टेकवली.

रुख्मिणीबाईंनी डोळे उघडले. "काहून रे, असा काय पाहून राहिला? बारीक झाली म्हणून? डबा चांगला होता हो तुमचा."

जितेंद्रनं वामनरावांकडे पाहिलं. "काका?"

"डोक्याले कलप लावला होता," वामनराव म्हणाले. स्वतःच्याच कानांना ते किती फालतू वाटलं. "फोडं आले, म्हणून काढलं सगळं. तुम्ही समजले, आन् मी बोललो नाही. हिले झोप लागून राहिली होती बाबू. म्हणून नाही बोललो."

पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी मायले फोन करून रडलो गा काका. ती रोज दिवा लावून राहिली तिकडं, काकूच्या नावानं." तो जवळ आला, रुख्मिणीबाईंच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं आणि हवं त्यापेक्षा जास्त वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा वामनरावांकडे न पाहता गाडी घेऊन निघून गेला.

"त्याची माय माझ्या नावानं दिवा काहून लावते?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

वामनरावांनी सांगितलं. पायरीवर बसून, पहिल्यापासून, काहीही न लपवता. रुख्मिणीबाई हसतील असं त्यांना मनातून वाटत होतं, कारण बायपासनंतरही हसणारी बाई ती. त्या हसल्या नाहीत. ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढलं.

"वरणाले फोडणी नव्हती," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे तो माझाच कडू घास. आन् मी पोटभर जेवली."

"झोप तं लागली ना तुले."

"लागली. झोपेनंच उठून बसली मी, नाही म्हणत नाही." त्यांनी शाल आवळून घेतली. "पण मले एकदा विचारायचं तं होतं. मेली मी होती ना."

वामनरावांनी खुर्ची थोडी सरकवून उन्हात केली आणि पुन्हा पायरीवर बसले.

संध्याकाळी हर्षित केकचा तुकडा घेऊन आला. वामनरावांना ओलांडून थेट आत गेला, काकूंच्या हातात दिला, पाया पडला. राहिलेला बड्डे आज होता. स्पीकर पुन्हा भिंतीवर चढला आणि बाराच्या ठोक्याला फुटला तो कधी नव्हे एवढ्या जोरानं. "काकूच्या नावानं!" असं कुणीतरी ओरडलं, त्यावर सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. फटाक्यांची माळ लागली. शोभाताईंच्या वरच्या पोरांनीही त्यांच्या गच्चीवर काहीतरी लावलं. शोभाताईंचा मेसेज आला, 'झालं समाधान?'

रुख्मिणीबाई जाग्या झाल्या होत्या. हात छातीवर. वामनरावांनी उशी त्यांच्याजवळ सरकवली, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि चपला शोधू लागले.

"कुठं चालले?"

"सांगून येतो. बंद करा म्हणतो."

"काय सांगान?" अंधारात रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आता कोण मेलं म्हणून सांगान?"

वामनराव एक चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग ती काढली आणि पलंगावर येऊन आडवे झाले. भिंत धडधडत होती. इतके दिवस शांततेत ऐकू येणारा बायकोचा श्वास आता काही केल्या ऐकू येईना. त्यांनी रोजच्यासारखा हात लांब केला आणि तळहात तिच्या नाकाशी धरला. स्पीकरच्या दणक्यानं हातच थरथरत होता, काही कळत नव्हतं.

रुख्मिणीबाईंनी तो हात धरून खाली ठेवला, आणि धरूनच ठेवला.

"आहो ना मी," त्या म्हणाल्या. "झोपा आता."